पाण्याची धार

परवा रात्री एका छोट्या थ्रिलरचं साउंडचं काम संपलं. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, कुणाच्या तरी हाती लागलेले फोटो, मग पैशांसाठी धमक्या. दोन खोल्या, चार कलाकार, एक गाडी. बजेट तेवढंच. पण सहा आठवडे हेडफोन लावून मी त्या घरात राहिले आणि ते घर काही डोक्यातून जाईना.

ब्लॅकमेलच्या गोष्टीला खरं तर पैसा लागतच नाही. लपवणारा एक, त्याचं गुपित कळलेला दुसरा आणि ज्याच्यापासून लपवायचं तो तिसरा. हा तिसरा समोर बसलेला असला की फोन नुसता थरथरला तरी पोटात गोळा येतो.

हिचकॉकचा 1929 चा ‘ब्लॅकमेल’ मूकपट म्हणून सुरू झाला आणि मध्येच त्याचा बोलपट करायचं ठरलं. नायिका अ‍ॅनी ओंड्रा हिचे उच्चार चेक वळणाचे, डबिंगचं तंत्र हाताशी नाही. म्हणून जोन बॅरी ही दुसरी अभिनेत्री कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभी राहून संवाद म्हणायची आणि ओंड्रा ओठ हलवायची. मित्राला टाळून ही मुलगी एका चित्रकाराबरोबर गेलेली असते. तो जबरदस्ती करू लागतो आणि तिच्या हातून त्याचा सुरीने खून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण त्याच खुनाबद्दल बडबडत असते. हळूहळू तिचे बाकीचे शब्द पुसट होत जातात आणि ‘नाइफ’ हा एकच शब्द लख्ख ऐकू येत राहतो. आपण त्या मुलीच्या कानांनी ऐकायला लागतो. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग आधी डोळे मिटून ऐकवते.

कोएन बंधूंचा पहिला चित्रपट ‘ब्लड सिंपल’ 1984 चा. बारमालक, त्याची बायको, तिचा प्रियकर आणि मागावर लावलेला खासगी डिटेक्टिव्ह. गुंतवणूकदारांना दाखवायला त्यांनी आधी नुसता ट्रेलर बनवला होता. काही शॉट्ससाठी कॅमेरा चक्क एका फळीवर बसवून दोन जणांनी ती फळी धरून पळायचं. मला मात्र त्यातला छताचा पंखाच आठवतो. गरगर, गरगर. माणसं काही बोलत नसली तरी तो चालूच.

आमच्याकडे लोकेशनवर रूम टोन घेतलाच नव्हता. कुणी बोलत नसताना त्या खोलीचा जो आवाज असतो, तो अर्धा मिनिट तरी रेकॉर्ड करून ठेवावा लागतो. तो नसला की प्रत्येक कटला मागची शांतता बदलते. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण त्याचा पडद्यावरचा विश्वास उडतो. चित्र थोडं अंधारं असलं तर लोक चालवून घेतात, फाटलेला आवाज नाही. मी टेकच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे वेचून त्या स्वयंपाकघराची शांतता जोडत बसले.

त्या तुकड्यांमध्येच बायको सापडली. पटकथेत तिला अकरा वाक्यं. असल्या चित्रपटांत बहुतेकदा हेच होतं, याचा मला मनापासून राग आहे. घाम नवऱ्याला, भीती नवऱ्याला आणि आपल्याला ऐकू येतात ते त्याचेच ठोके. जिची फसवणूक झाली तिला काय ऐकू आलं, हे कुणी विचारतच नाही.

धमकीचा पहिला मेसेज येतो तेव्हा ती पाठमोरी उभी राहून पेल्यात पाणी ओतत असते. कॅमेरा नवऱ्याच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शकाने तिथे दणदणीत संगीत घातलं होतं. ते बंद करून मी मूळ ट्रॅक ऐकला. फोन लाकडी टेबलावर थरथरतो. पाण्याची धार थांबते, क्षणभरच, आणि पुन्हा सुरू होते. तिला माहीत आहे! त्या अभिनेत्रीने हे पाठमोऱ्या अवस्थेत, कुणी न सांगता केलं होतं आणि ते संगीताखाली गाडलं गेलं होतं.

दोन दिवस आमचा वाद चालला. शेवटी मी दिग्दर्शकाला डोळे मिटायला लावले आणि तेवढेच वीस सेकंद ऐकवले. त्याने पुन्हा लाव म्हटलं. मग पुन्हा एकदा.

आता संगीत येतं ते ती पेला ठेवून आत निघून गेल्यावर.