आई असून रडली कशी नाही?

आज दुपारभर टीव्हीवर एका संशयित मुलाच्या आईचं दार दिसत होतं. ती तोंडाला पदर लावून आत शिरू बघतेय, आणि समोर माईक धरून विचारतायत, ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ मी टीव्ही बंद केला. मनातून नोएडा मात्र जाईना.

मे २००८. दिल्लीजवळच्या नोएडात तेरा वर्षांच्या आरुषी तलवारचा राहत्या घरात खून झाला आणि आठवड्याभरात तिचे वडील अटकेत. तिची आई नूपुर तलवार माहेरच्या चिटणीस, हवाई दलातल्या अधिकाऱ्याची मुलगी, त्यामुळे आमच्या वाड्यात त्या बातमीकडे सगळ्यांचे कान. नवऱ्याच्या अटकेनंतर त्या टीव्हीवर मुलाखतीला बसल्या, शांतपणे बोलल्या. झालं! आई असून रडली कशी नाही? जिन्यात, नळावर, भाजी निवडताना हाच खटला. माझा मामा गेला तेव्हा आजीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तेरा दिवस ती आल्यागेल्याला चहा विचारत होती. कुणी कॅमेरा लावला नाही, म्हणून ती सुटली.

सर्वांत चीड येते ती २३ मेच्या पत्रकार परिषदेची. पोलीस महानिरीक्षकांनी भर कॅमेऱ्यासमोर त्या मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, आणि तिचं नावसुद्धा चुकीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला १४ वर्षं पूर्ण व्हायची होती. त्यानंतर कोणत्या वाहिनीला हात आखडावासा वाटणार? २०१३ मध्ये आरुषीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली, १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. पण लोकांनी आपला निकाल २००८ मध्येच लावून टाकला होता, आणि त्यावर अपील कुठे करायचं?

आणि हेमराज, तलवारांच्या घरचा नोकर. १६ मेला तोच खुनी म्हणून पोलिसांनी शोध सुरू केला, बक्षीस लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचं प्रेत सापडलं. एक दिवस त्याची बायको-मुलं नेपाळात खुन्याचं कुटुंब होती. मग ती कुणाचीच कुणी उरली नाहीत. लोकांच्या तोंडी ‘आरुषी प्रकरण’ हेच नाव राहिलं, त्याचं नाव त्यात क्वचितच आलं. तलवार सुटल्यावर हेमराजची बायको सर्वोच्च न्यायालयात गेली. ती रडली की नाही, हे आमच्या वाड्यात कुणीही विचारलं नाही.