बुडाचे ठसे

सेंट पीटर्सबर्गमध्ये मी भाड्याने राहायचो त्या घरात स्वयंपाकघराच्या फडताळावर एक पितळी दिवा होता. तोंड चेपून बंद केलेलं, मधून वातीची जळकी चिंधी बाहेर डोकावणारी. घरमालकीण आजींच्या वडिलांनी तो दुसऱ्या महायुद्धातून आणला होता. एकदा सहज उलटा करून पाहिला आणि मी जुन्या पुंगळ्या ओळखण्याच्या नादाला लागलो.

तो दिवा म्हणजे 45 मिमी तोफेची पुंगळी, गोळा झाडल्यावर मागे उरणारं दारूचं नळकांडं. तोंड चेपल्यामुळे व्यास मोजता येईना, पण लांबी 31 सेंमीच्या आसपास भरली आणि बुडाला बाहेर आलेली कड होती. रशियन पुंगळी वाचायची ती बुडाकडून. कारखान्याची खूण, वर्ष, खेप हे धातूवरच ठोकलेलं असतं. या दिव्यावरचे 42, म्हणजे 1942, हे आकडे बोटालाही लागायचे. रंगाने लिहिलेल्या खुणांवर मात्र मी भरवसा ठेवत नाही. इतक्या वर्षांत त्यावर कोणी ब्रश फिरवला असेल, सांगता येत नाही.

लांबी मोजली की निम्मं काम होतं. 45 ची पुंगळी 310 मिमी, 76 ची 385, झिस-2 या 57 मिमी तोफेची 480. ही 57 ची पुंगळी 76 च्याच पुंगळीवरून बेतलेली, म्हणून बूड रुंद आणि मान एकदम बारीक. पण एवढ्यावर तोफ ठरत नाही. 385 ची पुंगळी झिस-3 या मैदानी तोफेत जायची, तशीच टी-34 रणगाड्याच्या तोफेतही. 45 चंही तसंच. नुसती पुंगळी दाखवून कोणी 'ही रणगाडाविरोधी तोफेचीच' म्हणालं, तर मला ते पटत नाही.

गोळा मात्र जास्त सांगतो, त्यावरची अक्षरं वाचली तर. बीआर म्हणजे ट्रेसर असलेला, जाताना उजेडाची रेघ सोडणारा चिलखतभेदी, ओ म्हणजे तुकडे उडवणारा. पुढचा आकडा तोफांच्या गटाचा: 45 ला 240, 57 ला 271, 76 ला 350. शेवटी पी आला की आत टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे फार कठीण पदार्थाचा गाभा. बीआर-240 पी कमरेत इतका बारीक असतो की धाग्याचं रीळच वाटावं. त्याचं वजन 850 ग्रॅम, साध्या बीआर-240 चं 1.43 किलो. अक्षरं पुसली गेली तरी आकार सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिलखतभेदी म्हणजे भरीव पोलाद, असं मीही धरून चाललो होतो. ब्रिटिशांचे बरेचसे गोळे तसे होते. सोव्हिएत गोळे बहुतेक तसे नव्हते. बीआर-240 च्या पोटात थोडीशी स्फोटकं आणि बुडाशी ती फोडणारा एमडी-5 फ्यूज असतो. झाडलेला पण न फुटलेला गोळा म्हणजे तयार सापळाच. भरीव तो एसपी. पण गंजलेल्या लोखंडावर ही दोन अक्षरं कोण वाचणार? सेंट पीटर्सबर्गजवळच्या सिन्याविनो या जुन्या रणभूमीवर पायवाटेकडेला मला असा एक गोळा दिसला. मूठभर, मातीत अर्धा रुतलेला. मी हात लावला नाही. लांबूनच फोटो घेतला, आल्या पावली मागे फिरलो आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. घासून पाहणं, फिरवून बूड उघडणं यातलं काहीही, कधीही करू नका.

शिवाय रशियाच्या फौजदारी संहितेत दारूगोळा बेकायदा बाळगणं कलम 222 खाली येतं. म्हणून मी वस्तू जमवत नाही. रिकाम्या, तपासलेल्या पुंगळ्यांच्या बुडावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि तो ठसा वहीत चिकटवतो. पहिलं पान आजींच्या दिव्याचं. त्या स्वतः कागद धरून बसल्या होत्या, हलू नये म्हणून.

57 चं पान अजून कोरं आहे. 1941 मध्ये या तोफा थोड्याच बनल्या, मग उत्पादन थांबलं आणि 1943 मध्ये पुन्हा सुरू झालं. मला 41 आकडा असलेलं बूड हवंय.