सहाव्या मिनिटाला संपलेला सामना

पुण्यातील एका लहान गेम स्टुडिओत प्लेटेस्टचे काम माझ्याकडे आहे. लोकांना गेम खेळायला बसवायचे, त्यांच्या मागे उभे राहून टिपणे घ्यायची आणि खेळून झाल्यावर त्यांच्याशी सावकाश बोलायचे, असे ते काम. आमचा त्या वेळचा गेम आठ विरुद्ध आठ असा होता. प्रत्येक संघातील सात जण बंदूक घेऊन मैदानात उतरत आणि आठवा कमांडर होऊन संपूर्ण नकाशा वरून पाहत असे. खाणी कुठे उभारायच्या, कोणते संशोधन आधी करायचे, कुणी कुठला रस्ता धरायचा, हे सगळे तो ठरवत असे. या प्रकारातला ‘नॅचरल सिलेक्शन’ आमच्यापैकी अनेकांचा आवडता. 2002 मध्ये तो ‘हाफ-लाइफ’ या नेमबाजीच्या गेमचा मोफत मॉड, म्हणजे त्याच गेममध्ये फेरफार करून बनवलेला खेळ, म्हणून आला आणि 2012 मध्ये त्याचा दुसरा भाग स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आला. इतकी सुंदर कल्पना असूनही हा प्रकार मूठभर निष्ठावंतांपुरताच का उरतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता.

त्या शनिवारी एका गेमिंग कॅफेत आम्ही सोळा जणांना बोलावले होते. सगळे रोज ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ हे नेमबाजीचे सांघिक गेम खेळणारे, त्यामुळे नेम धरायला कुणाला शिकवावे लागणार नव्हते. शिवाय खेळ लॅनवर, म्हणजे कॅफेतल्याच जोडलेल्या संगणकांवर असल्याने पिंगची, म्हणजे नेटवर्कमुळे होणाऱ्या विलंबाची, तक्रार उद्भवणार नव्हती. निळ्या संघाची कमांडर होण्यास अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी स्वतःहून तयार झाली. लहानपणापासून ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा डावपेचांचा गेम खेळत आल्याचे तिने सांगितले होते.

सहाव्या मिनिटाला निळ्यांच्या चारपैकी पूर्वेकडच्या दोन खाणी पडल्या. “पूर्वेला कुणीतरी या, खाणी जातायत,” असे ती व्हॉइस चॅटवर तीनदा म्हणाली. पण त्या क्षणी तिचे पाच खेळाडू नकाशाच्या मध्यभागी चाललेल्या चकमकीत गुंतले होते आणि ती चकमक ते जिंकतही होते. खाणी गेल्यामुळे उत्पन्न निम्म्यावर आले, उत्पन्न घटल्यामुळे चिलखताचे संशोधन लांबले, आणि चिलखत नसल्यामुळे उरलेल्या खाणी राखणे अशक्य झाले. माझ्यापुढच्या पडद्यावर दोन्ही संघांच्या उत्पन्नाच्या रेषा फाकत गेल्या आणि पुन्हा कधीच जवळ आल्या नाहीत. सामना मात्र एकतिसाव्या मिनिटापर्यंत चालला.

ती मधली पंचवीस मिनिटे मी विसरू शकत नाही. तळावरून निघायचे, शंभर पावलांत मरायचे, रिस्पॉनची, म्हणजे पुन्हा जिवंत होण्याची, वाट पाहायची आणि पुन्हा निघायचे, एवढेच सात जणांच्या हाती उरले होते. एकाने हेडफोन काढून ठेवले, दुसरा चहाला गेला. निळ्यांत सर्वाधिक बळी घेणाऱ्या मुलाने, स्कोअरबोर्डवर आपले नाव सर्वांत वर असल्याचे पाहून, “कमांडर कोण आहे आपला?” असे मोठ्याने विचारले. त्यानंतर तिने माइक बंद केला तो शेवटपर्यंत.

नंतर तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “ताई, हरल्याचं मला काही वाटत नाही. पण आम्ही कशामुळे हरलो ते मला अजून कळलेलं नाही, आणि सगळे म्हणतायत की माझ्यामुळे.” हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

सोमवारच्या बैठकीत पहिली सूचना आली ती ट्यूटोरियल लांबवण्याची. त्या सूचनेला मी ठाम विरोध केला. ट्यूटोरियल बटणे शिकवू शकते. पण ज्या चुकीची किंमत इतर सात जण अर्धा तास मोजणार आहेत, ती चूक करण्याचे धैर्य त्यातून येत नाही. कमांडरची खुर्ची संघाला एकच असते, तिच्यात बसल्याशिवाय ती शिकता येत नाही आणि नवखा तिच्यात बसला की सगळा संघ ते शिक्षण भोगतो. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये आपण का मेलो हे तत्क्षणी कळते आणि पुढची फेरी काही मिनिटांतच सुरू होते. सलग हरणाऱ्या संघाला फेरीनंतर मिळणारे पैसे 1400 पासून 3400 पर्यंत वाढत जातात, आणि अर्ध्यावर बाजू बदलल्या की दोघांचीही तिजोरी पुन्हा पहिल्या आकड्यावर येते. आपल्या कबड्डीतही लोण चढला की समोरच्याला दोन गुण जास्त मिळतात खरे, पण बाद झालेले सातही जण त्याच क्षणी पुन्हा मैदानात उभे राहतात. आमच्या गेममध्ये हरणाऱ्याला काहीच परत मिळत नव्हते. आणि स्कोअरबोर्ड फक्त बळी मोजत असल्यामुळे हरण्याचे खरे कारण कुणाला दिसतही नव्हते.

बरीच चर्चा होऊन तीन बदल ठरले. खाण पडल्यावर तिच्या किमतीचा काही भाग परत मिळेल, ‘नॅचरल सिलेक्शन 2’प्रमाणे बहुमताने हार मान्य करता येईल आणि सामना संपल्यावर कोणत्या मिनिटाला काय गमावले, ते नकाशावर दिसेल. यांतला तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता.

दोन आठवड्यांनी आम्ही त्याच सोळा जणांना पुन्हा बोलावले. सात आले. त्यांत ती होती, आणि तिने पुन्हा कमांडरचीच जागा मागून घेतली. या वेळी हार झाल्यावर तो चहाला गेलेला मुलगा नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “हे इथे आपण सगळे मध्येच अडकलो होतो,” आणि दोघे पाच-सहा मिनिटे त्याच जागेवर बोलत राहिले.

उरलेल्या नऊ जागांवर मात्र आमचेच सहकारी बसले होते, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार. तीनही सामने पाच वाल्यांनी जिंकले. नवखे आणि मुरलेले एकत्र आले की असे होते, हे ‘नॅचरल सिलेक्शन 2’च्या निर्मात्यांनाही ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी कौशल्याचे गुणांकन, नवख्यांसाठी वेगळे सर्व्हर आणि रिकाम्या जागा भरणारे बॉट, म्हणजे संगणकच चालवतो असे खेळाडू, आणले. परंतु गुणांकनावरून समतोल संघ पाडायचे, तर निवड करता येईल इतके खेळाडू एकाच वेळी हजर असावे लागतात. त्या संध्याकाळी आमच्याकडे सातच होते.