चालणाऱ्यांचं काय?

आज रत्नागिरीत सायकल फेरी झाली. मांडवीच्या किनाऱ्यावर चहा घेताना सायकलवाल्यांच्या मागण्यांच्या निवेदनाचा मसुदा वाचला. स्वतंत्र सायकल मार्ग, वेगमर्यादा, सायकली लावायला जागा, सगळं रास्त. पण पायी चालणाऱ्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही! मी तिथेच बोललो.

मिरकरवाडा बंदरावरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघणाऱ्या मावश्या, शाळेची पोरं, एसटी स्टँडकडे जाणारे आजी-आजोबा. पावसाळ्यात गटाराच्या कडेने, एका हातात छत्री धरून ही माणसं चालतात आणि मागून डंपर येतो. (सायकलवाल्यालाही तोच डंपर घाबरवतो.) रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था असलेल्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथ वापरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग म्हणून, मान्य केला. मग आपण का मागू नये?

एक काका म्हणाले, "मागण्या वाढल्या की एकही मिळत नाही रे." मला ते अजिबात पटत नाही. सायकलवाले शहरात मूठभर, चालणारे सगळेच.

मसुदा बदलायचं ठरलंय. सह्या घ्यायला मी उद्या सकाळी मच्छीमार्केटात जातोय. कोण येतंय सोबत?