तेरा पावलं

शनिवार, रात्री उशिरा

अमेरिकन धावपटू एडविन मोझेसच्या जुन्या शर्यती बघत बसले होते. झोपेचं खोबरं झालं, होऊ दे.

त्याचं नाव निघालं की गाडी सलग १२२ विजयांवर येते. सप्टेंबर १९७७ ते जून १९८७, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं हा माणूस ४०० मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, हरलाच नाही. आकडा जबरदस्तच आहे, पण माझी नजर त्याच्या पायांवरून हलत नाही. दोन हर्डल्समध्ये ३५ मीटर अंतर. बाकीचे तिथे चौदा-पंधरा पावलं टाकायचे, दम सरला की आणखी एखादं वाढायचं. हा शेवटच्या, दहाव्या हर्डलपर्यंत तेराच. तेरा विषम, म्हणून दर वेळी तोच पाय पुढे जातो. चौदा झाली की दुसऱ्या पायाने उडी, आणि लय बिघडलीच म्हणून समजा. व्हिडिओ थांबवत थांबवत मोजली मी. शेवटच्या वळणावर इतरांचे खांदे ताठरतात, पावलं आखूड होतात. याची तेरा म्हणजे तेरा.

आणि हा तयार कुठे झाला, तर अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात, जिथे स्वतःचा ट्रॅकच नव्हता! शिष्यवृत्ती अभ्यासावरची, विषय भौतिकशास्त्र, सराव आसपासच्या शाळांच्या मैदानांवर. १९७६च्या मार्चपर्यंत या शर्यतीशी फारसा संबंध नाही, आणि जुलैत माँट्रियलला सुवर्ण, वर विश्वविक्रम. (कथेत कुणी असं लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.)

१९८०चं मॉस्को अमेरिकेच्या बहिष्कारात गेलं. ऐन भरातलं ऑलिंपिक. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये खेळाडूंची शपथ घेताना बिचारा मध्येच अडखळला, शर्यतीत मात्र नाही. आपल्याला ते ऑलिंपिक आठवतं ते पी. टी. उषाच्या हुकलेल्या पदकासाठी. तीही ४०० मीटर हर्डल्सच, फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा.

१९८७ला माद्रिदमध्ये डॅनी हॅरिसने मोझेसच्या विजयांची ती मालिका तोडली. त्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत मोझेसने त्याला दोन शतांश सेकंदांनी मागे टाकलं, हे कुणी सांगत नाही.

१९८८, सोल. वय ३३. वर्षानुवर्षं त्याच्याकडून हरत आलेला आंद्रे फिलिप्स ४७.१९मध्ये जिंकला, मोझेस तिसरा. वेळ ४७.५६. त्याच्या दोन्ही सुवर्णांच्या वेळेपेक्षा कमी! याला उतरती कळा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.