धाविक शोधताना ढेकळं बघू नका

बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. फेब्रुवारीची थंडी, गवत पार वाळलेलं. इथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लोक येतात चिंकाऱ्यासाठी, आणि तो दिसतोही. मला बघायचा होता धाविक पक्षी. त्याला उंच गवत नको असतं. मेंढरांनी चरून बोडका केलेला मुरमाड माळ नाहीतर पडीक रान, हे त्याचं घर. म्हणून अभयारण्याबाहेरच्या कच्च्या वाटेवर गाडी लावून बसलो.

तासभर दुर्बिणीतून दगड आणि वाळलेलं शेण न्याहाळलं. टिटव्या दोन, डोंबारी चंडोल ढीगभर. शेवटी वैतागून पाय मोकळे करायला उतरलो, तर पंधरा पावलांवरचं एक ढेकूळ तुरुतुरु पळत सुटलं! इतका वेळ पठ्ठ्या आमच्याकडे पाठ करून उभा होता, आणि पाठ अगदी मातीच्या रंगाची.

मुकाट्याने परत गाडीत बसलो, इंजिन बंद. वीसेक मिनिटांनी दुसरा आपणहूनच समोर आला. चार पावलं धावायचं, ताठ थांबायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा धाव. त्याने मान वळवली तेव्हा तांबूस टोपी, पांढरी भुवई आणि तिच्याखालची काळी पट्टी दिसली; दोन्ही रेघा मानेमागे जाऊन मिळतात. पाय हस्तिदंती. टिटवीपेक्षा लहान, पण तोरा मोठा.

तेव्हा जाणाऱ्यांनी आकार शोधत बसू नये, हालचाल शोधावी. ऊन पाठीशी घ्या, गाडीतून उतरू नका. नऊनंतर जमिनीवरून झळा उठतात आणि दुर्बिणीतलं सगळं थरथरतं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून चौफुल्याला उजवीकडे वळायचं. पाणी सोबत असू द्या. पहिल्यांदाच जात असाल तर कडबनवाडी किंवा शिर्सुफळची वनविभागाची सफारी घ्या, स्थानिक वाटाड्याची नजर आपल्याला येत नाही.

मार्चपासून पुढे मात्र वाट सोडून माळात पाऊलही टाकू नका. धाविक घरटं बांधत नाही, अंडी उघड्या जमिनीवरच घालतो, आणि तीही मातीसारखीच दिसतात. फोटोसाठी मागे धावणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि पातळ सुती मोजे घालू नका. चौफुल्याच्या चहापर्यंत कुसळं उपटत होतो, शेवटी मोजेच टाकून दिले.