तुम्ही विचारलंत म्हणून: हाफ डोमला कुठून चढायचं, कुठून उतरायचं?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, सह्याद्रीत थोडीफार भटकंती केलेल्या मराठी माणसाला योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या हाफ डोम या ग्रॅनाइटच्या घुमटाचं परमिट लागलं, की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला लगेच येतो: "ती केबलची चढाई जमेल का हो?" दुसरा बराच नंतर, जाता जाता: "आणि जायचं कुठल्या वाटेने?" आमच्या मते आधी विचारायला हवा तो दुसरा. केबलचा टप्पा, म्हणजे पोलादी तारा धरून चढायचा शेवटचा कातळ, उंचीने जेमतेम ४०० फुटांचा. माणसं दमतात, घसरतात, अंधारात अडकतात ती बहुतेक उरलेल्या वाटेवर.

तर थेट उत्तर: मिस्ट ट्रेलने चढा, जॉन म्यूर ट्रेलने उतरा.

दोन्ही वाटा योसेमिटीच्या दरीतल्या हॅपी आइल्सहून (साधारण ४,००० फूट) एकत्रच निघतात. व्हर्नल फॉलच्या लाकडी पुलाच्या थोडं पुढे फाटा फुटतो, डावीकडे मिस्ट, उजवीकडे म्यूर, आणि नेवाडा फॉलच्या माथ्याजवळ त्या पुन्हा भेटतात. तिथून घुमटापर्यंत जायला-यायला एकच वाट. म्हणजे काटेकोर बोलायचं तर लूप फक्त खालच्या भागात आहे. मिस्टने जाऊन मिस्टनेच परतलात तर अंतर १४.२ मैल, दोन्ही वेळा म्यूरने गेलात तर १६.५. आम्ही सांगतोय तसं केलंत तर या दोन्हींच्या मधोमध, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. चढाई ४,८०० फूट, सुमारे १,४६० मीटर. कोकणातल्या एखाद्या पुळणीवरून निघून कळसूबाईच्या माथ्याच्या जरा खाली पोचावं, इतकी. चांगल्या चालीच्या माणसाला १० ते १२ तास लागतात.

मिस्ट ट्रेलवर व्हर्नल फॉलच्या माथ्यापर्यंत ग्रॅनाइटच्या ६०० हून जास्त पायऱ्या आहेत. एकसारख्या नाहीत, एखादी वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. मे-जूनमध्ये ३१७ फुटांवरून कोसळणाऱ्या धबधब्याचे तुषार त्यांच्यावर सतत उडत असतात. पहाटे ताज्या पायांनी चढताना याचा त्रास नाही, उलट मजाच येते. याच पायऱ्या दुपारी चार वाजता, गुडघे बोलायला लागलेले असताना, समोरून सहलीची गर्दी वर येत असताना उतरायच्या म्हणजे घसरण्याला आमंत्रण. म्यूर ट्रेल एका बाजूने मैलभर लांब पडते, पण वळणावळणाची आणि सौम्य उताराची आहे. उशीर झालाच तर हेडलॅम्पच्या उजेडातही त्यातल्या त्यात बरी. नेवाडा फॉलच्या वरचा पूल ओलांडला की काही अंतर कड्याच्या पोटातून वाट जाते, वरून पाणी ठिबकत असतं, आणि मागे वळून पाहिलं तर धबधबा, त्याच्या शेजारी लिबर्टी कॅप नावाचा घुमट आणि मागे हाफ डोमची पाठ एका नजरेत दिसते.

म्यूरने उतरण्याचा आणखी एक फायदा कुणी सहसा मोजत नाही. मिस्ट ट्रेलवर व्हर्नलच्या माथ्याजवळ एमरल्ड पूल नावाचा डोह लागतो. उन्हाने तापलेल्या माणसाला तिथे पाय सोडून बसायचा मोह हमखास होतो. पाणी दिसतं संथ, पण डोहाच्या पुढे लगेच धबधबा आहे आणि काठचा दगड नदीने घासून गुळगुळीत केलेला. पोहायला तिथे मनाई आहे. म्यूर ट्रेल त्या डोहाकडे जातच नाही, प्रश्नच मिटला.

पहाटे ओलं व्हायची तयारी मात्र हवी. मे-जूनमध्ये पातळ रेनकोट, फोनला प्लॅस्टिकची पिशवी आणि जादा मोज्यांचा एक जोड. सुती टी-शर्ट नको. एकदा भिजला की तास दोन तास अंगावर गार राहतो. ओल्या मोज्यांनी पुढचे १५-२० किलोमीटर चाललात तर फोड येणारच. नेवाडाच्या माथ्यावर मोजे बदला, मगच पुढे. जुलैअखेर पाणी ओसरतं, तेव्हा हा प्रश्न राहत नाही.

आता परमिटबद्दल. केबल उभ्या असतात त्या काळात, म्हणजे साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, सबडोमच्या (हाफ डोमच्या आधी लागणाऱ्या छोट्या घुमटाच्या) पायथ्यापासून पुढे परमिट लागतं. दिवसाला सुमारे ३०० माणसं सोडतात. त्यातली २२५ एका दिवसात जाऊन येणारी, बाकीची रात्रीच्या मुक्कामाची. मुख्य लॉटरीचे अर्ज मार्च महिन्यात भरायचे, निकाल एप्रिलमध्ये. एका अर्जावर सहा जण आणि सात तारखांपर्यंत पसंती देता येते. ती हुकली तर रोजची लॉटरी असते, जायच्या दोन दिवस आधी भरायची. शनिवार-रविवार सोडून मधले वार टाका. आयटीतली सगळी मंडळी शनिवारच भरतात. ज्याच्या नावावर परमिट आहे तो, किंवा अर्जात पर्यायी म्हणून नाव दिलेला, ओळखपत्रासह हजर हवा. मित्राचं परमिट उसनं घेऊन चालत नाही, रेंजर नाव तपासतात. केबल खाली असतात तेव्हा परमिट लागत नाही हे खरं, पण तेव्हा खांब काढलेले असतात आणि तारा नुसत्या खडकावर पडलेल्या असतात. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

निघायचं पहाटे साडेचार-पाचला. दरीतली शटल बस सातला सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. गाडी करी व्हिलेजजवळच्या ट्रेलहेड पार्किंगला लावा आणि हॅपी आइल्सपर्यंत अर्धा-पाऊण मैल चालत जा. गाडीत खाऊ, टूथपेस्ट, साबण काही ठेवू नका. वास येणारं सगळं तिथल्या लोखंडी पेट्यांत. अस्वलं गाडीचं दार उघडतात ही दंतकथा नाही. पाचला निघालात तर साडेसहापर्यंत व्हर्नलचा माथा, आठच्या आत नेवाडाचा, आणि साडेदहाच्या सुमारास सबडोमचा पायथा, असा हिशेब ठेवा. आमचा नियम असा: बारा वाजेपर्यंत सबडोमच्या पायथ्याशी नसाल तर केबल विसरा, तिथूनच दरी बघा आणि परत फिरा.

पाण्यावर बरेच ट्रेक फसतात. माणशी चार लिटर लागतं, पण चार लिटर म्हणजे चार किलो, आणि ते ६०० पायऱ्या वाहून नेण्यात अर्थ नाही. निघताना दोन लिटर घ्या. व्हर्नलच्या पुलाजवळ उन्हाळ्यात नळ चालू असतो, तिथे बाटली भरून घ्या. नेवाडाच्या पुढे लिटिल योसेमिटी व्हॅलीत वाट मर्सेड नदीच्या काठाने सपाट, वाळूतून जाते. भरवशाचं शेवटचं पाणी हेच. फिल्टर लावून तीन लिटर भरा, तिथेच अर्धा लिटर पिऊन टाका. न गाळता पिऊ नका; पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी पोट बिघडवणारा जिआर्डिया हा जंतू डोळ्यांना दिसत नाही. शेवटचं शौचालयही इथेच. नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा लिंबू-मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवा, आणि खायला दशम्या, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी, जे घशाखाली उतरतं. उंचीवर भूक मरते, म्हणून घड्याळ लावून खा. पाठपिशवी जमिनीवर सोडून फोटो काढायला जाऊ नका. सबडोमजवळच्या खारी चेन बंद असली तर कापड कुरतडून आत शिरतात.

लिटिल योसेमिटीनंतर जंगलातला एकसुरी चढ. साधारण ७,००० फुटांवर क्लाउड्स रेस्टकडे जाणारी वाट सुटते, तिथून माथा दोन मैल. आणि मग सबडोम. केबलला घाबरणाऱ्यांनी खरं तर याला घाबरायला हवं. उघड्या ग्रॅनाइटवर कोरलेल्या, बांधलेल्या उंच पायऱ्यांची नागमोडी वाट, कठडा नाही, तार नाही, सावली नाही. वरच्या भागात पायऱ्याही संपतात आणि नुसता उतरता खडक उरतो. बरेच जण इथेच थांबतात, त्यात कमीपणा काही नाही. हाफ डोमची केबल पुढ्यात बघून, वर चढणाऱ्या माणसांच्या मुंग्या बघून मग ठरवता येतं, हा इथला मोठा फायदा.

केबल म्हणजे दोन समांतर पोलादी तारा. दोन हात पसरले की दोन्ही हातात येतात. दर दहा फुटांवर लोखंडी खांबांची जोडी आणि खांबांच्या बुडाशी आडवी लाकडी फळी. फळीवर उभं राहून श्वास घ्यायचा, समोरून उतरणाऱ्याला वाट द्यायची, मग पुढच्या फळीपर्यंत एका दमात. मधल्या भागात उतार ४५ अंशांच्या आसपास जातो. खांब खडकातल्या भोकांत नुसते बसवलेले असतात, पक्के रोवलेले नाहीत, म्हणून भार तारेवर घ्या, खांब बाहेर ओढू नका. तारांच्या बाहेरून कुणाला ओलांडून जायचा शहाणपणा करू नये.

"हरिहर केलाय, मग हे काय!" असं म्हणणारे भेटतात. पण हरिहरच्या पायऱ्यांना पाय ठेवायला खाच आहे, हाताला खोबणी आहे. आपल्या बेसॉल्टच्या कातळावर आपण धरून चढायला शिकतो. इथे धरायला काही नाही. वरच्या खडकाचा भार निघून गेल्यावर ग्रॅनाइटचे थर गोलाईत सुटत गेले आणि हा घुमट राहिला, त्यामुळे पृष्ठभाग अखंड. त्यात शंभर वर्षं लोकांच्या बुटांनी केबलमधला पट्टा घासून चकचकीत केलाय. पकड मिळते ती तळव्याच्या घर्षणाने. घाबरून अंग खडकाला टेकवलं की भार टाचांवरून सुटतो आणि पाय निसटतात. ताठ राहा, तळवा पूर्ण टेकवा, ओढायचं काम हातांनी कमी आणि पायांनी जास्त. झिजलेल्या तळाचे बूट घरी ठेवा. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, तळहाताला रबराचा थर असलेले. लोकरीचे तारेवर सरकतात. पूर्वी केबलच्या पायथ्याशी सोडलेल्या हातमोज्यांचा ढीग असायचा, आता रेंजर तो कचरा म्हणून उचलतात. तेव्हा आपले आपण न्या आणि परत आणा.

हार्नेस (कमरेचा सुरक्षापट्टा) लावायचा असेल तर दोन दोऱ्या आणि दोन कॅराबिनर (तारेत अडकवायच्या कड्या) हवेत, कारण प्रत्येक खांबापाशी एक सोडून पलीकडे लावताना दुसरा तारेत राहिला पाहिजे. एकाच दोरीचा हार्नेस बदलाबदलीच्या नेमक्या क्षणी उपयोगाचा नाही.

आभाळाबद्दल तडजोड नको. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी निरभ्र आणि दुपारी गडगडाट हे तिथलं नेहमीचं. ढग वर चढताना दिसले की सबडोमवर पाय ठेवायचा नाही, वर असाल तर खाली यायचं. विजेची भीती तर आहेच, पण ओला झालेला तो घासलेला पट्टा त्याहून जास्त घात करतो. पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं म्हणून लगेच केबलला लागू नका, खडक सुकू द्या.

भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांनी १८६० च्या दशकात हा माथा सर्वस्वी दुर्गम ठरवला होता. जॉर्ज अँडरसन १८७५ मध्ये खडकाला भोकं पाडत, त्यात लोखंडी खिळे ठोकत वर पोचला. आजच्या केबलची पहिली आवृत्ती १९१९ ची, सिएरा क्लबने बसवलेली. चढताना दम लागला की भोकं पाडत चढणाऱ्या त्या माणसाचा विचार करा, तार जरा सोपी वाटते.

उतरताना मधल्या उभ्या भागात तोंड खडकाकडे करून, दोन्ही तारा हातातून सरकवत मागे मागे या. चढणाऱ्यांशी बोला: "मी या फळीवर थांबतो, तुम्ही या." घाई करणाऱ्याला पुढे जाऊ द्या. ट्रेकिंग पोल केबलवर पिशवीत, खाली जंगलात आल्यावर हातात. म्यूरच्या उतारावर गुडघ्यांना त्यांचाच आधार.

परमिट लागलं नाही किंवा भारतातून आई-बाबा आलेत, तर मिस्टने नेवाडापर्यंत चढून म्यूरने उतरण्याचा लूप स्वतंत्रपणे करा. साधारण दहा किलोमीटर, चढ सुमारे २,००० फूट, परमिट नाही. तेवढंही जड वाटलं तर ग्लेशियर पॉइंट रोडवरून सेंटिनल डोमला जा: जाऊन-येऊन २.२ मैल, चढ ४०० फूट, आणि शेवटी पायाखाली ग्रॅनाइटचाच घुमट, तोही तारेशिवाय चढता येणारा. वेळ असेल तर टाफ्ट पॉइंट जोडून पाच मैलांचा लूप होतो. मात्र हे ठिकाण ८,००० फुटांवर आहे, तेव्हा ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्यांना सावकाश चालवा. हिवाळ्यात तो रस्ता बर्फामुळे बंद असतो, साधारण मेअखेर उघडतो.